पाऊस लागला की रिपीटर बहिरा होतो: ड्यूप्लेक्सरच्या स्क्रूला हात लावण्याआधी

जूनचा दुसरा आठवडा आला की आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबच्या रिपीटरबद्दल, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर कमजोर सिग्नल ऐकून त्याच वेळी दुसरीवर पुढे पाठवणाऱ्या डोंगरावरच्या यंत्राबद्दल, एकच तक्रार सुरू होते. "रिपीटर उघडतोय, पण माझा आवाज पुढे जात नाही." सांगणारा बहुतेक वेळा हँडीवाला (हातातल्या सेटचा) असतो, खालच्या गावातून पाच वॅटवर बोलणारा. गाडीतल्या सेटवरून पंचवीस वॅट सोडणाऱ्याला काहीच जाणवत नाही, म्हणून तो हँडीवाल्यालाच अँटेना बदलायला सांगतो. असे आमचे तीन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी कारण सापडलं आणि ते इतकं किरकोळ निघालं की लिहायला थोडी लाजच वाटते. पण आधीची दोन वर्षं आम्ही जे केलं, तेच बहुतेक क्लब करतात, म्हणून लिहितोय.

आधी लक्षण नीट ओळखा. कमजोर सिग्नल येतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना रिसीव्हरला गप्प ठेवणारं झाकण) उघडतो, ट्रान्समीटर चालू होतो आणि त्याच्याच गोंगाटात रिसीव्हरला तो सिग्नल ऐकू येईनासा होतो. स्क्वेल्च मिटतो, शेपूट (त्यानंतर ट्रान्समीटर जो थोडा वेळ चालू राहतो ती) संपते, ट्रान्समीटर बंद पडतो. बंद पडल्याबरोबर रिसीव्हरचे कान मोकळे होतात, सिग्नल अजून तिथेच असतो, की पुन्हा सगळं चालू. बोलणाऱ्याने पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) एकदाच दाबून धरलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला खट्ट-खर्र-खट्ट असं उघडमीट ऐकू येतं. आमच्या शेडची किल्ली ज्या दादांकडे असते, ते शेतकरी आहेत, हॅम नाहीत. त्यांनी निदान आमच्याआधी केलं होतं: "साहेब, पत्र्यावर पाणी वाजायला लागलं की तुमचं यंत्र बोबडं बोलतं."

यालाच इंग्रजीतून आलेला 'डिसेन्स' हा शब्द आपण वापरतो. मी बहिरेपण म्हणतो. ते खरोखर बहिरेपणच आहे की नुसती केबल मेली आहे, हे कळायला काहीही उपकरण लागत नाही. एकाने वर शेडमध्ये जायचं, रिपीटरच्या ट्रान्समीटरला चालू करणारी पीटीटीची तार काढून ठेवायची आणि रिसीव्हरच्या स्पीकरवर कान द्यायचा. दुसऱ्याने खालून हँडीवर बोलायचं. ट्रान्समीटर बंद असताना आवाज स्वच्छ आणि चालू केला की खरखर, तर बहिरेपण. दोन्ही वेळा सारखाच खराब, तर अँटेना किंवा फीडलाइन गेली आहे. हा लेख मग तुमच्या कामाचा नाही.

यंत्र कसं आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. सगळा माल जुना. दोन मोटोरोला जीएम३००, एक ऐकायला, एक बोलायला. कुठल्यातरी टॅक्सी ताफ्यातून निघून भंगारात आलेले. हे सेट दोन तुकड्यांत येतात, १३६ ते १६२ मेगाहर्ट्झ आणि १४६ ते १७४. पहिला मिळाला तर नशीब. दुसरा आपल्या १४४ ते १४६ च्या पट्ट्यात ताणावा लागतो आणि ताणलेला रिसीव्हर मुळातच थोडा जड कानाचा असतो. प्रोग्रॅमिंगला डॉसवरचं जुनं सॉफ्टवेअर आणि ते नीट चालेल असा संथ संगणक लागतो. आमच्यातल्या एका काकांनी त्यासाठी एक ४८६ जपून ठेवलाय, घरच्यांच्या शिव्या खाऊन. मागच्या सोळा पिनांच्या कनेक्टरवर पीटीटी, सपाट ऑडिओ, स्क्वेल्चची खूण सगळं मिळतं, त्यामुळे दोन सेट जोडून रिपीटर करणं एका रविवारचं काम आहे. हे सेट सलग बोलण्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणून पॉवर २० वॅटवर आणली आणि हीटसिंकवर पंखा बसवला. पॉवर याहून फार खाली ओढू नका; काही सेटचा पीए (शेवटचा पॉवर ॲम्प्लिफायर) फार कमी पॉवरला अस्थिर होतो आणि भलत्याच ठिकाणी कचरा टाकतो.

ड्यूप्लेक्सर एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं एकमेकांपासून वेगळं ठेवतो. आमचा म्हणजे चार कॅव्हिटी (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेले धातूचे पोकळ नळे), प्रत्येकी आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाची आठवण करून देणारी. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी अर्धा मीटर भरते, म्हणून त्या तेवढ्या उंच असतात. ऑनलाइन मिळणारा चपटा, पुस्तकाएवढा सहा कॅव्हिटींचा ड्यूप्लेक्सर स्वस्त दिसतो, पण तो बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीत चार-पाच मेगाहर्ट्झचं अंतर असेल तिथला असतो. आपलं अंतर ६०० किलोहर्ट्झ. तिथे तो चालत नाही, कितीही फिरवा.

आता आकडे बघा. २० वॅट म्हणजे साधारण ४३ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल). रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्ट ऐकतो, म्हणजे उणे ११९ डीबीएम. एकाच अँटेनावर, एकाच क्षणी, १६२ डेसिबलचं अंतर. ओरडणाऱ्याच्या तोंडाला कान लावून पलीकडच्या डोंगरावरची कुजबुज ऐकायची, असला हा प्रकार. त्यातले ८० ते ८५ डेसिबल ड्यूप्लेक्सर देतो, बाकी रिसीव्हरची निवडक्षमता सांभाळते. या साखळीत कुठेही एक किडका जोड आला, तर २० वॅटचा कॅरिअर त्यातून जाताना स्वतःभोवती खरखर पसरवतो. ती खरखर नेमकी रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवरही पडते आणि तिथे ड्यूप्लेक्सर काही करू शकत नाही, कारण ती अँटेनाच्या बाजूने, खऱ्या सिग्नलच्याच वाटेने आत येते. हे वाक्य आम्हाला पहिल्या वर्षी कळलं असतं, तर दोन पावसाळे वाचले असते.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं? ड्यूप्लेक्सर उतरवला. सगळे तेच करतात, कारण त्याला फिरवायला दांडे आणि नट असतात आणि फिरवता येणारी वस्तू दिसली की आपला हात शिवशिवतो. जुलै-ऑगस्टमध्ये चढणं शक्य नव्हतं, म्हणून काम दसऱ्याच्या सुमाराला झालं. काकांच्या गच्चीवर नॅनोव्हीएनए (हातात मावणारं मोजणीयंत्र) लावून नॉच (नको ती फ्रिक्वेन्सी दाबणारे खड्डे) पुन्हा बसवले, वर नेऊन जोडले, आणि रिपीटर झकास! पेढे वाटले. पाऊस संपल्यामुळे तो तसाही बरा झाला असता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

इथे नॅनोव्हीएनएबद्दल एक इशारा. त्याची आवाका दाखवण्याची ताकद या पट्ट्यात साधारण ७० डेसिबल. तुमचा नॉच ८५ चा असेल तर पडद्यावर तळ सपाट, केसाळ दिसतो. तो नॉचचा तळ नाही, यंत्राचा आहे. त्या केसाळ रेषेत सर्वांत खोल बिंदू शोधत बसलं तर चांगला बसलेला नॉच बिघडतो. आमचा थोडा बिघडला होता, हे पुढे कळलं. शेवटचं बारीक काम सिग्नल जनरेटर आणि कान देऊन ऐकणारा रिसीव्हर यांनीच करायचं.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं, अर्धवट. केबल तपासली. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा; १ च्या जितका जवळ तितकं बरं) उन्हाळ्यात १.५ दाखवत होता, भर पावसात १.२. आम्ही खूश. भिजलेली केबल एसडब्ल्यूआर बऱ्याचदा सुधारून दाखवते: जाणारी पॉवर खाते, परत येणारीही खाते, मीटरला वाटतं सगळं अँटेनात गेलं. पावसात एसडब्ल्यूआर सुधारला तर तो आनंद नाही, तक्रार समजा. तरी त्या वर्षी एक चांगलं काम झालं. ड्यूप्लेक्सर ते अरेस्टर (विजेपासून यंत्र वाचवणारा) हा जो तीन फुटांचा तुकडा, म्हणजे जंपर, होता, तो ॲल्युमिनियमची फॉइल आणि वर कल्हई केलेली जाळी अशा केबलचा होता. एका दिशेच्या कामाला ही केबल उत्तम, नुकसान कमी. पण एकाच वेळी बोलणं-ऐकणं असेल तिथे दोन वेगळे धातू एकमेकांवर घासतात आणि खरखर करतात. तो काढून दुहेरी चांदीमुलामा जाळीचा आरजी-२१४ टाकला. वर जाणारी मोठी केबल अर्ध्या इंची, सलग तांब्याच्या नळीची, मोबाइल टॉवर उतरवणाऱ्या कंत्राटदाराकडून वजनावर घेतलेली. तिच्यात दोष नव्हता.

आठ दिवस कोरडे गेले, रिपीटर झकास. नवव्या दिवशी मुसळधार, आणि दादांचा फोन.

तिसऱ्या वर्षी ठरवलं की अंदाज बंद. जे काही असेल ते पावसात, धुक्यात, रात्रीच पकडायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

लागणारी सामग्री फार नाही. एक ५० ओमचा चांगला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर गिळून टाकणारा). हा मात्र स्वस्तातला नको, कारण घाणेरडा डमी लोड स्वतःच खरखर करतो. एक सिग्नल जनरेटर. आमचा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी मिळालेला, लोखंडी कपाटासारखा जड आहे. टायनीएसए हा सिग्नलही देणारा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझरसुद्धा चालतो, फक्त तो बाहेर गळतो, म्हणून आम्ही एकदा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून वापरला होता. आणि एक खास टी.

ही टी घरी बनते. एन-टाइपची टी घ्या आणि तिच्या एका पायाची मधली पिन पक्कडीने उपटून काढा. आता तो पाय मुख्य वाटेला शिवत नाही, पण ३०-४० डेसिबल कमी होऊन सिग्नल आत झिरपतो. ही टी ड्यूप्लेक्सरच्या अँटेना पोर्टवर बसवायची, पिन उपटलेल्या पायाला जनरेटर. मध्ये २० ते ३० डेसिबलचा ॲटेन्युएटर घालायला विसरू नका. सिग्नल जसा आत झिरपतो तसाच तुमचा २० वॅट उलटा जनरेटरकडे झिरपतो, आणि आमच्या एका मित्राच्या जनरेटरने त्यात राम म्हटला आहे.

आता चाचणी. ट्रान्समीटर बंद. जनरेटरची पातळी इतकी कमी करा की रिसीव्हरवर टोन जेमतेम, खरखरीत ऐकू येईल. ती पातळी लिहून ठेवा. ट्रान्समीटर हाताने चालू करा. टोन जसाच्या तसा राहिला तर बहिरेपण शून्य. खरखरीत बुडाला, तर तो पुन्हा पहिल्याइतका ऐकू येईपर्यंत जनरेटर वाढवा. जितके डेसिबल वाढवावे लागले तितकं तुमचं बहिरेपण. १० डेसिबल म्हणजे पाच वॅटच्या हँडीवाल्याला पन्नास वॅट लागणार. हे लक्षात आलं की त्याची तक्रार खोटी वाटत नाही.

खरी युक्ती डमी लोड कुठे लावायचा यात आहे. टीच्या पुढे अँटेनाऐवजी डमी लोड लावून सुरुवात करायची आणि मग तो एकेक जोड पुढे सरकवत न्यायचा: जंपरच्या टोकाला, अरेस्टरच्या पलीकडे, मोठ्या केबलच्या वरच्या टोकाला, शेवटी अँटेना. ज्या पायरीवर बहिरेपण येतं, त्याच पायरीत दोष. दर वेळी जोड सोडताना ट्रान्समीटरचं पीटीटी हाताने काढलेलं आहे ना, हे दोघांनी मोठ्याने बोलून खात्री करायची. आणि ढगात वीज असेल तर कोणीही वर जायचं नाही. मे महिन्यातल्या वळवात तर नाहीच.

आमचे आकडे, एका वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले, असे होते. डमी लोड थेट टीवर: १ डेसिबल, म्हणजे पहिल्या वर्षी आम्ही बिघडवलेला नॉच. जंपरच्या टोकाला: १ डेसिबल. अरेस्टरच्या पलीकडे: ११.

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी अरेस्टर सोडला, बॅटरीच्या उजेडात धरला आणि वरचं पितळी टोपण फिरवलं. ते फिरेना. पक्कड लावल्यावर कर्र करून सुटलं आणि आतून पाण्याचा एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला. टोपणाखालची रबरी रिंग उन्हाने तडकली होती. आत वायूनळी आणि तिला धरणारी स्प्रिंग, आणि दोन्हींच्या जोडावर हिरवा कळक. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की चढतो, अगदी तोच. कोरड्या दिवसांत तो जोड दाबून बसायचा. ओल आली की त्यातून २० वॅट जाताना ठिणगीपेक्षा लहान, डोळ्याला न दिसणारं काहीतरी सतत तडतडायचं. ओममीटरवर अरेस्टर ठणठणीत होता. असणारच; ओममीटर २० वॅट घालत नाही.

अरेस्टर काढून जंपर थेट मोठ्या केबलला जोडला. रात्री दीड वाजता, धुक्यात, पंख्याच्या घरघरीत, बहिरेपण ११ वरून ३ वर आलं. खालून हँडीवाला पहिल्या हाकेला आला, आणि तो झोपेतून उठलाय हे त्याच्या आवाजावरूनही कळत होतं.

उरलेले ३ डेसिबल? त्यातला एक नॉचचा. बाकी वाऱ्याच्या झोताबरोबर येत-जात होते. हे आपल्या डोंगरांवरचं नेहमीचं दुखणं आहे. मास्टला बांधलेली गंजकी तार, जीआयचे क्लॅम्प, कुंपणाची जाळी मास्टला टेकलेली. गंजलेला जोड म्हणजे नको तिथे लागलेला डायोड. शेजारी दुसऱ्या कोणाचा ट्रान्समीटर असेल तर तो दोन सिग्नल मिसळतोही: समजा तुमचा १४५.६०० वर बोलतो, १४५.००० वर ऐकतो, आणि शेजारी कोणी १४६.२०० वर आला, तर पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की बरोबर १४५.००० उरतो, तुमच्या कानावर. आमच्या टेकडीवर शेजारी कोणी नाही, नुसती खरखर होती. ताणाच्या तारा मास्टपासून चिनीमातीच्या अंड्यांनी (अंड्याच्या आकाराच्या इन्सुलेटरनी) तोडल्या, जाळी हातभर मागे सरकवली, क्लॅम्प स्टेनलेसचे घातले. वाऱ्यातली खरखर बहुतेक गेली.

अरेस्टर नवा घेतला तो वायूनळी बदलता येणारा, आणि या वेळी शेडच्या आत, आल्या आल्या भिंतीवर. शेडमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी केबलवरून घरंगळत आत न येता झोळातून खाली टपकतं. बाहेरच्या प्रत्येक जोडावर आधी आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात. तिच्यावर साधी काळी टेप, उन्हापासून वाचवायला. उलटं, नुसती काळी टेप लावली तर एका उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून खाली घसरतो आणि आत पाण्याला खिसा तयार होतो.

आणखी दोन-तीन ठिकाणं आहेत, थोडक्यात सांगतो. सोलर चार्ज कंट्रोलर दिवसा खरखर करतो आणि रात्री गप्प असतो. त्याची तार सोडून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा, एका मिनिटात कळतं. ट्रान्समीटर ते ड्यूप्लेक्सर या केबलची लांबी बदलल्यावर बहिरेपण बदलत असेल, तर पीए अस्थिर आहे. मध्ये आयसोलेटर (पॉवर एकाच दिशेने जाऊ देणारा) मिळाला तर सोनं, नाहीतर लांबी बदलत सुरक्षित जागा शोधा. डमी लोड थेट टीवर असतानाच बहिरेपण मोठं असेल, तर आणि तरच ड्यूप्लेक्सरकडे आणि दोन सेटमधल्या आडोशाकडे वळा. फायबरच्या नळीतली उभी अँटेना असेल तर खालचं निचऱ्याचं भोक काडीने मोकळं करा. आमच्यात कुंभारमाशीने मातीचं घर करून ते लिंपून टाकलं होतं, आणि नळीत पाऊण वाटी पाणी निघालं.

हे सगळं परवानाधारक हॅमसाठी लिहिलंय. रिपीटरचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून त्या जागेसाठी, त्या फ्रिक्वेन्सीसाठी घ्यावा लागतो. भंगारातले सेट सापडले म्हणून डोंगरावर नेऊन लावता येत नाहीत.

यंदा २८ मेला वर जाऊन मोजलं: १ डेसिबल. १९ जूनला, दोन दिवसांच्या झडीनंतर, पुन्हा मोजलं: २. तो वाढलेला एक अजून सापडलेला नाही. संशय वरच्या टोकाच्या कनेक्टरवर आहे, पण मास्टवर आता कोणी चढणार नाही. टी आणि डमी लोड रॅकलाच सुतळीने बांधून ठेवलेत, नवरात्रात बघू.